युक्लिड अव्हेन्यूवरचे चार दिवस

अमेरिकेत मुलांकडे जाणारी बेळगावची मंडळी बहुधा न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि नायगारा पाहून परततात, आणि आमची पहिली वारीही तशीच झाली होती. या खेपेस लेकीकडे कोलंबसला उतरल्यावर मी आधीच सांगून टाकले की धबधबा पाहून झाला आहे, आता गाणे आणि नाटक दाखवा. त्याप्रमाणे तेथून मोटारीने दोन-सव्वादोन तासांवर, ईरी सरोवराच्या काठी असलेल्या क्लीव्हलंड शहरात आम्ही एप्रिलमधले चार दिवस काढले. १९५० मध्ये नऊ लाखांवर वस्ती असलेले हे कारखान्यांचे शहर २०२० च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या आत आले, म्हणजे आज ते आपल्या बेळगावहूनही लहान आहे. परंतु नाट्यगृहे, सभागृहे आणि संग्रहालय यांपैकी बहुतेक सारे युक्लिड अव्हेन्यू या एकाच रस्त्याच्या आसपास असल्यामुळे, आणि त्या रस्त्यावर हेल्थलाइन ही बस सतत धावत असल्यामुळे, आमच्या वयाच्या माणसांनाही ते झेपते.

सर्वाधिक वेळ प्लेहाउस स्क्वेअरला द्यावा. स्टेट, ओहायो, हॅना, ॲलन आणि पॅलेस ही पाच नाट्यगृहे १९२१ आणि १९२२ या दोन वर्षांत येथे उभी राहिली, दूरचित्रवाणीच्या काळात ओस पडली आणि १९६९ पर्यंत एक हॅना सोडले तर सर्वांना कुलूप लागले. रे शेपर्डसन नावाच्या गृहस्थांनी ती पाडू न देण्याचा ध्यास घेतला आणि १९७३ मध्ये स्टेट थिएटरच्या लॉबीतच गाण्यांचा एक कार्यक्रम सुरू केला, जो दोन वर्षांहून अधिक काळ चालला आणि लोकांना पुन्हा या रस्त्यावर घेऊन आला. ती लॉबी ३२० फूट लांब आहे. मुख्य नाट्यगृह मागच्या अंगाला आणि दरवाजा मात्र युक्लिडवर हवा, यासाठी एवढा लांब दिवाणखाना बांधावा लागला, हे कळल्यावर त्या थाटामागचा व्यवहार लक्षात येतो. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर ज्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, त्या जिल्ह्यातून आलेल्या मला हा इतिहास वाचताना थोडा हेवा वाटला, हे कबूल करते. बाहेर चौकात २०१४ पासून ४,२०० स्फटिकांचे प्रचंड झुंबर उघड्यावर टांगलेले आहे. जावईबापूंनी त्याचे पुष्कळ फोटो काढले, मला मात्र ते लग्नाच्या मांडवातले वाटले.

नाटकाची तिकिटे काढताना आम्ही फसलो. शोधयंत्रात सर्वांत वर दिसलेल्या एका मध्यस्थ संकेतस्थळावरून ती घेतली आणि नाट्यगृहाच्या खिडकीवर पाहिले तर त्याच रांगेतल्या खुर्च्या बऱ्याच स्वस्तात मिळत होत्या. तिकीट नाट्यगृहाच्या स्वतःच्या खिडकीवरूनच घ्यावे. शिवाय वरच्या सज्जात गुडघे समोरच्या खुर्चीला टेकतात, आणि मध्यंतरात चहा म्हणून जे गरम पाणी व पिशवी हाती येते, त्यावर न बोललेलेच बरे.

सेव्हरन्स हॉलबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राचे हे घर १९३१ मध्ये उघडले. आता त्याचे नाव सेव्हरन्स म्युझिक सेंटर असे आहे. वाद्ये लावण्याचा प्रकार मी अगदी लक्ष देऊन पाहिला: ओबो या सुषिर वाद्याने एकच स्वर धरला, त्यावर आधी इतर फुंकीची वाद्ये आणि मग सारी तंतुवाद्ये मिळाली, आणि क्षणात सभागृह चिडीचूप झाले. आपल्याकडे तबलजी मैफिलीच्या मध्यावर हातोडी काढतो आणि श्रोते तेवढ्यात पान लावून घेतात, तो सैलपणा येथे नाही. रचनेचा एक भाग संपताच आमच्या यांनी टाळी वाजवली. आजूबाजूला कोणीच वाजवली नाही, तेव्हा कळले की सगळे भाग संपेपर्यंत थांबायचे असते. दाद आतल्या आत दाबून ठेवणे आपल्या श्रोत्याला जड जाते, परंतु मागच्या रांगेतही व्हायोलिनचा अगदी हळू स्वर स्वच्छ पोचत होता, त्यापुढे हा जाच सोसण्यासारखा आहे.

चालत जाण्याइतक्या अंतरावर क्लीव्हलंड म्युझियम ऑफ आर्ट आहे. १९१६ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयाच्या कायमच्या दालनांना आजही प्रवेशमूल्य नाही. सोमवारी ते बंद असते. येथला चोळकालीन नटराज चुकवू नये. देवळातल्या मूर्तीचे फुलांतून आणि वस्त्रांतून जेवढे दिसते तेवढेच आपण पाहतो. येथे ज्वाळांचे वलय, फाकलेल्या जटा आणि पायाखालचा अपस्मार पुरुष, सारे निवांत न्याहाळता आले. हात मात्र सवयीने जोडले गेले.

अनपेक्षित आनंद मिळाला तो क्लीव्हलंड स्टेट युनिव्हर्सिटीत. १९७८ पासून ईस्टरच्या सुमारास या शहरात त्यागराज आराधना भरते आणि भारताबाहेरच्या कर्नाटक संगीताच्या सर्वांत मोठ्या उत्सवांत तिची गणना होते. आमच्या घरी हिंदुस्थानी गाणे आणि शेजारी दासरपदे, म्हणजे कानडी संतांची भक्तिपदे, अशा वातावरणात वाढलेल्या मला त्यातले सगळे समजले नाही, परंतु शंभर-दीडशे माणसे मांडीवर ताल धरून बसलेली पाहिल्यावर सेव्हरन्समध्ये आखडलेले हात मोकळे झाले. शेजारचे गृहस्थ धारवाडचे निघाले; गाव कळताच ते सरळ मराठीत बोलू लागले आणि मी कानडीत.

सरोवराकाठी आय. एम. पेई यांनी रचलेले काचेच्या पिरॅमिडचे रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम १९९५ पासून आहे. तिकीट महाग आहे, आणि ज्याला त्या संगीताची ओढ नाही त्याला तासाभरात कंटाळा येतो. जावईबापू चार तास बाहेर आले नाहीत. कारामू हाउस हे १९१५ मध्ये सुरू झालेले, कृष्णवर्णीयांच्या रंगभूमीचे देशातले सर्वांत जुने मानले जाणारे केंद्र पाहायचे होते, पण आमच्या चार दिवसांत तेथे प्रयोग नव्हता. म्हणून जाणाऱ्याने आधी कारामूचे वेळापत्रक पाहावे, मग बाकीचे दिवस ठरवावेत, आणि एप्रिल असला तरी स्वेटर घ्यावा; बेळगावच्या थंडीचा अभिमान मी सरोवराच्या वाऱ्यात पहिल्याच सकाळी सोडून दिला.