स्टेपनीविना आलेल्या गाडीसाठी जुळणारे पाचवे चाक

माझ्या सीएनजी हॅचबॅकसाठी मी गेल्या पावसाळ्यानंतर जे पाचवे चाक जमवले, त्याला रिम, टायर, नट, जॅक, पाना आणि बांधायचे पट्टे धरून एकूण ८,५९० रुपये लागले. हे चाक आठ महिने बाळगल्यावर आणि एकदा भर रस्त्यात प्रत्यक्ष बसवल्यावर त्याविषयी लिहिते आहे. चाकाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. ते मिळवण्यासाठी जी पायपीट करावी लागली तिच्याबद्दल मुळीच नाही. ती दुसऱ्या कोणाला करावी लागू नये, म्हणून मापे आणि माझ्या चुका दोन्ही तपशिलाने देते.

गाडी कंपनीतूनच सीएनजीवर आलेली आहे. पेट्रोलच्या मॉडेलमध्ये डिकीच्या तळाशी ज्या खोलगट जागेत स्टेपनी असते, ती जागा माझ्या गाडीत गॅसच्या टाक्यांनी घेतली आहे आणि स्टेपनीच्या जागी पंक्चर दुरुस्तीचा संच मिळाला आहे. २०२०मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, चालकासह नऊपर्यंत आसने आणि साडेतीन टनांपर्यंत वजन असलेल्या प्रवासी गाडीत हवेचा दाब कमी झाल्याचे दाखवणारी यंत्रणा आणि असा संच दिला असेल, तर स्टेपनी देण्याचे बंधन राहत नाही. म्हणजे कंपनीने नियमाबाहेर काही केलेले नाही. गाडी घेताना विक्री प्रतिनिधीने, “ताई, ट्यूबलेस टायर आहेत, आता स्टेपनी कोणाला लागते?” असे म्हटले आणि मीही ते मानले.

संचात दोन वस्तू आहेत : लॅटेक्सयुक्त द्रावाची बाटली आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसर खरोखर चांगला आहे. मी तो दर पंधरा दिवसांनी हवा भरायला वापरते. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसून झालेले बारीक छिद्र तो द्राव आतून बुजवतो आणि मग ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून टायरवाल्यापर्यंत जायचे असते. बाटली एकदाच वापरता येते, तिच्यावर मुदतीची तारीख असते, आणि वापरानंतर टायरवाल्याला टायर उतरवून आतला चिकटा धुऊन काढावा लागतो. एवढे सगळे मान्य करूनही माझी हरकत वेगळीच आहे. खिळ्याने पंक्चर झालेला ट्यूबलेस टायर बहुधा हळूहळू हवा सोडतो, त्यामुळे नुसती हवा भरत भरतही दुकान गाठता येते. खरी अडचण येते ती टायरची बाजू फाटते किंवा रिम वाकते तेव्हा, आणि नेमक्या त्याच वेळी हा संच काही करू शकत नाही.

हे मला ताम्हिणी घाटात कळले. आई आणि मी दिवेआगरला निघालो होतो. समोरून आलेल्या बसला वाट देताना डावे पुढचे चाक डांबराच्या तुटलेल्या काठावरून खाली उतरले आणि टायरच्या बाजूला बोटभर लांबीची चीर पडली. मी बाटली पूर्ण रिकामी केली. सगळा पांढरा द्राव त्या चिरेतून बाहेर येऊन रस्त्यावर ओघळला. मोबाइलला रेंज नव्हती. एका टेम्पोवाल्या दादांनी घाट उतरल्यावर आमच्यासाठी मदतीचा फोन केला, त्यानंतर गाडी उचलून नेणारा ट्रक यायला चार तास लागले. सत्तरी ओलांडलेली आई तेवढा वेळ पावसात, गाडीच्या काचा वर करून, घाटातल्या वळणावर बसून होती. माणगावात आमच्या मापाचा टायर एकाच दुकानात निघाला. तो बसवून होईपर्यंत रात्र झाली होती.

‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला आहे. सुरुवातीच्या मोटारी सुट्या चाकाशिवायच विकल्या जात असत. वाटेत टायर गेला की तिथेच बसून तो दुरुस्त करावा लागे. ही अडचण पाहून १९०४च्या सुमारास लानेलीतल्या डेव्हिस बंधूंनी हवा भरलेल्या टायरसह एक बिनआऱ्यांचे रिम तयार केले, जे गाडीच्या मूळ चाकालाच बाहेरून आवळून बसवता येत असे. एकशेवीस वर्षांनी ग्राहकाने पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शोध मी अधिकृत सेवा केंद्रापासून सुरू केला. सुट्या भागांच्या खिडकीवर गाडीचा क्रमांक टाकून पाहिल्यावर, “या मॉडेलला स्टेपनी नाही, त्यामुळे तिचा पार्ट नंबरही नाही,” असे उत्तर मिळाले आणि पुढच्या ग्राहकाला हाक मारली गेली. उत्तर शब्दशः खरे होते. त्या खिडकीवर याच प्रश्नाचे वेगळे उत्तर मिळू शकत होते, हे मला महिन्याभराने समजले.

मग नाना पेठ. गाड्यांच्या सुट्या भागांसाठी पुण्यात सगळे तिथेच जातात आणि तिथल्या दुकानदारांचा अनुभव दांडगा आहे, याबद्दल शंका नाही. पण चाकाच्या बाबतीत ‘चार नटांचे, चौदा इंचांचे, बसून जाईल’ एवढ्यावर विश्वास ठेवू नये. चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या मधल्या भागावर ते बसते त्यावर, चढते आणि नट आवळले जातात, एवढ्याने ते जुळले असे होत नाही. मी पहिल्या फेरीत एक वापरलेले रिम ९०० रुपयांना घेऊन घरी आले आणि ते परत करायला गेले, तेव्हा घेणाऱ्याने ६००च दिले.

चूक काय झाली ते सांगते. रिमवरील समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधले अंतर म्हणजे पीसीडी; चार नटांच्या चाकाला ते सरळ पट्टीने मोजता येते. माझ्या गाडीचे ते १०० मिलिमीटर आहे आणि आणलेल्या रिमचेही तेवढेच होते. पण मधले मोठे भोक, ज्याला सेंटर बोअर म्हणतात, ते लहान निघाले. ते रिम मारुती स्विफ्टचे होते, तिचे भोक ५४.१ मिलिमीटरचे असते आणि माझ्या गाडीच्या हबचा उंचवटा त्याहून जाड आहे. चाक हबवर टेकतच नव्हते. भोक लहान असेल तर निदान लगेच कळते; मोठे असेल तर चाक चढते, नटही लागतात, पण त्याला मध्यावर धरून ठेवणारे हबचे कडे मोकळे राहते आणि चाक किंचित जरी एका बाजूला बसले, तरी वेग वाढला की स्टेअरिंग थरथरते. याहून फसवी गोष्ट पीसीडीची आहे. फियाटच्या काही जुन्या गाड्यांचे पीसीडी ९८ मिलिमीटर असते. डोळ्यांना हा दोन मिलिमीटरचा फरक दिसत नाही, नटही दोन-चार आटे घेतात, पण नटाचा उतार छिद्राच्या उतारावर नीट बसत नाही आणि असे नट चालत्या गाडीत सैल होऊ शकतात. हे चाक फुकट मिळाले तरी घेऊ नये.

दुसऱ्या दुकानात मला तेरा इंचांचे रिम दाखवण्यात आले आणि त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. माझा टायर १७५/६५ आर १४ आहे. म्हणजे रुंदी १७५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, आणि रिम १४ इंचांचे. हिशेब केला तर चाकाचा पूर्ण व्यास ५८३ मिलिमीटर येतो. १५५/८० आर १३ या टायरचा व्यास ५७८ येतो. फरक एक टक्क्याहून कमी. कागदावर उत्तम जुळणारे हे चाक पुढे लावून हाताने फिरवले, तेव्हा रिमची आतली बाजू ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे ब्रेकची चकती दाबणाऱ्या भागाला, घासली. मागे ड्रम ब्रेक असल्यामुळे तिथे ते मोकळे फिरले असते, पण घाटात फाटणारा टायर मागचाच असेल असे कोण सांगणार?

ऑफसेट नावाचे एक मापही पाहावे लागते. रिमचा हबला टेकणारा पृष्ठभाग रुंदीच्या मध्यापासून किती बाहेर आहे, ते या आकड्याने कळते आणि स्टीलच्या रिमवर तो बहुधा ‘ईटी’ या अक्षरांपुढे ठोकलेला असतो. आकडा मूळ चाकाहून बराच मोठा असेल तर टायर आत सरकून सस्पेन्शनला लागू शकतो, लहान असेल तर मडगार्डबाहेर येतो.

तिसऱ्या फेरीत एका वयस्कर दुकानदारांनी माझे सगळे आकडे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ताई, तुमच्याच गाडीचं पेट्रोल मॉडेल येतं ना? त्याला स्टेपनी असते ना? मग त्याचंच रिम का घेत नाही?” त्यांना या सल्ल्याचा एक रुपयाही मिळणार नव्हता. मी सेवा केंद्राच्या त्याच खिडकीवर परत गेले आणि या वेळी माझ्या गाडीची स्टेपनी न मागता, त्याच गाडीच्या सर्वांत स्वस्त पेट्रोल मॉडेलचे स्टीलचे रिम मागितले. पार्ट नंबर एका मिनिटात सापडला, २,१५० रुपये भरले आणि सहाव्या दिवशी नवे रिम हातात आले. पीसीडी, सेंटर बोअर, ऑफसेट सगळे जागच्या जागी. तरीही टायर चढवण्याआधी मी ते रिकामे रिम पुढे आणि मागे दोन्हीकडे लावून, हाताने फिरवून पाहिले. हे करणे मी कोणालाही सुचवीन.

टायर मात्र मी नवाच घेतला. नाना पेठेत १,५०० रुपयांत जो टायर मिळत होता, त्याची नक्षी नव्यासारखी होती, पण बाजूवर छापलेल्या संकेताचे शेवटचे चार आकडे २३१७ होते, म्हणजे तो २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला होता. न वापरताही रबर कडक होते. घराजवळच्या टायरवाल्याकडून मूळ मापाचाच, ८२ या भारनिर्देशांकाचा टायर ४,१०० रुपयांना घेतला. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो भार चालतो. टाक्यांमुळे सीएनजी गाडीचा मागचा भाग जड असतो, म्हणून हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी होऊ देऊ नये. व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंगचे २०० झाले. या टायरवाल्याने एक गोष्ट न विचारता सांगितली, तिच्यासाठी मी त्याची ऋणी आहे : माझ्या गाडीला अलॉय व्हील असल्यामुळे तिचे नट वेगळ्या घडणीचे आहेत आणि स्टीलच्या पातळ रिमवर ते नीट बसणार नाहीत. स्टीलच्या रिमचे चार नट ६० रुपयांना एक याप्रमाणे घेतले आणि चाकाच्या पिशवीतच ठेवले. स्टेपनी नसलेल्या माझ्या गाडीत जॅक आणि पानाही नव्हता, हे मला तोवर ठाऊक नव्हते; दोन्ही मिळून १,२५० लागले. पिशवी आणि पट्टे ६५० रुपयांचे.

बारीक, तात्पुरती स्टेपनी घेण्याचाही विचार मी केला होता. ती हलकी असते आणि जागा कमी घेते, पण तिच्यात साधारण ६० पीएसआय हवा ठेवावी लागते आणि माझ्या हबला बसणारी मला पुण्यात कुठे दिसली नाही.

ठेवण्याची जागा हा या व्यवस्थेतला सर्वांत कमकुवत भाग आहे. चाकाचे वजन सुमारे १४ किलो आहे. ते डिकीत आडवे ठेवते आणि सामान बांधण्याच्या कड्यांना दोन पट्ट्यांनी घट्ट आवळते, कारण जोरात ब्रेक लागल्यावर ते मोकळे असेल तर मागे बसलेल्यांना इजा करील. डिकीत त्यानंतर दोन मध्यम बॅगा मावतात, तिसरी नाही. टाकीच्या झडपेपर्यंत हात पोहोचायला हवा, म्हणून चाक त्या बाजूला सरकणार नाही असे बांधावे लागते, आणि दर तीन वर्षांनी टाकीच्या हायड्रो तपासणीला (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या चाचणीला) गाडी देताना ते घरी काढून ठेवावे लागणार आहे. शहरात मी ते नेत नाही.

मार्चमध्ये वाईहून महाबळेश्वरला जाताना, पसरणी घाटाच्या पायथ्याशी, उजव्या पुढच्या टायरची बाजू दगडाने फाटली. मी मागचे चांगले चाक पुढे घेतले आणि स्टेपनी मागे लावली. तिचा टायर आणि रिम दोन्ही मूळ मापाचे असल्यामुळे ती पुढेही चालली असती, पण घाटात स्टेअरिंग वळवणाऱ्या आणि इंजिनाची ताकद घेणाऱ्या चाकांची जोडी सारखी असावी असे मला वाटले. दोन चाके बदलायला पाऊण तास लागला. पन्नास किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून पाहिले. एकही सैल नव्हता. रिममध्ये सेन्सर नसल्यामुळे डॅशबोर्डवरचा दाबाचा पिवळा दिवा मात्र पुण्याला परत येईपर्यंत पेटलेला राहिला. जुना सेन्सर काढून स्टेपनीत बसवता येतो, असे टायरवाला म्हणाला; नवा घेऊन बसवावा की दिवा पेटला तर पेटू द्यावा, हे अजून ठरवलेले नाही. तोपर्यंत स्टेपनीतली हवा मी महिन्यातून एकदा हाताने मोजते, आणि त्यासाठी कंपनीने दिलेला तोच कॉम्प्रेसर उपयोगी पडतो.