५५५ आयसीचं मोटर स्पीड कंट्रोलर किट: घ्या, पण डायोड बदला

छोट्या डीसी मोटरचा वेग नॉब फिरवून कमी-जास्त करायचा, आणि तोही स्वतः सोल्डर केलेल्या सर्किटने, म्हणून शाळेच्या प्रकल्पासाठी हे किट हमखास घेतलं जातं. पाकिटावर नाव काहीही असो, आत सर्किट बहुतेक एकच निघतं: एनई५५५ टायमर आयसी, १०० किलोओमचा पॉट (नॉबने रोध बदलणारा रेझिस्टर), दोन १एन४१४८ डायोड, १०३ छापलेला १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आयआरएफझेड४४एन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि मोटरला समांतर एक १एन४००७. शिकायला हे किट झकास आहे. पाकिटावरच्या '१० अँपिअर'वर मात्र जाऊ नका. तो आकडा मॉसफेटच्या जोरावर छापलेला असतो, बोर्डावरच्या बारीक तांब्याच्या पट्ट्यांना आणि १ अँपिअरच्या डायोडला विचारून नव्हे. २ अँपिअरपर्यंतच्या मोटरला वापरा, आणि तेही खाली सांगितलेले बदल करून.

काही मुलं मोटरला सरळ पॉटच जोडून मोकळी होतात. तो पॉट पाव-अर्ध्या वॅटचा, त्यामुळे लगेच धूर काढतो. जळला नाही तरी मोटरचा जोर जातो, कारण लोड आला की मोटर जास्त करंट मागते आणि नेमकं तेव्हाच रेझिस्टरवर व्होल्टेज पडतं. या किटात मॉसफेट एकतर पूर्ण चालू असतो नाहीतर पूर्ण बंद. ५५५ त्याची भराभर उघडझाप करतो, आणि चालू काळाचं प्रमाण जितकं जास्त तितका मोटरचा वेग जास्त; यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. चालू असताना त्याचा रोध १७.५ मिलिओम, म्हणजे २ अँपिअरला उष्णता जेमतेम ०.०७ वॅट. हीटसिंक लागत नाही. टीआयपी१२२ ट्रान्झिस्टर दिलेलं स्वस्तातलं किट मिळालं तर तिथे तेवढ्याच करंटला दीड-दोन वॅट जातात, मग हीटसिंक लावावाच लागतो.

आता बदल. पहिला १एन४००७चा. मॉसफेट बंद झाला की मोटरच्या कॉइलमधला करंट या डायोडमधून फिरतो. १एन४००७ घराच्या विजेच्या ५०-६० हर्ट्झला ठीक, पण बंद व्हायला फार वेळ घेतो. पुढच्या वेळी मॉसफेट चालू होतो तेव्हा डायोड अजून उघडाच असतो, आणि क्षणभर सप्लाय त्या दोघांतून शॉर्ट होतो. त्याजागी झटपट बंद होणारा १एन५८१९ लावा, मोटर २ अँपिअरची असेल तर १एन५८२२. पट्टीचं टोक प्लसकडेच हवं. उलटा लागला तर पहिल्याच पल्सला डायोड तरी जातो नाहीतर मॉसफेट.

दुसरं, मॉसफेटच्या गेटपासून (५५५चा सिग्नल येतो तो पाय) ग्राउंडला १० किलोओमचा रेझिस्टर. अनेक किटांत तो नसतोच. ५५५ सॉकेटमध्ये नीट बसला नसेल तर गेट लोंबकळत राहतं आणि मोटर मनाला येईल तशी फिरते. तिसरं, ५५५च्या पायांना अगदी लागून १०० नॅनोफॅरड, सप्लायवर ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, आणि मोटरच्या दोन टोकांवरच एक १०४ (म्हणजे १०० नॅनोफॅरड). ब्रशच्या ठिणग्यांमुळे ५५५ मध्येच गडबडतो, तो यातल्या कपॅसिटरांनी शांत होतो.

व्होल्टेजची बाब किटाच्या कागदावर कधीच नसते. एनई५५५चं आउटपुट सप्लायपेक्षा साधारण दीड व्होल्ट कमी असतं. १२ व्होल्टला गेटवर साडेदहा येतात, काम फत्ते. ५ व्होल्टला येतात जेमतेम ३.३, आणि आयआरएफझेड४४एन तेवढ्यात अर्धवटच उघडतो: मोटर मरगळलेली, मॉसफेट गरम. ५-६ व्होल्टवरच चालवायचं असेल तर आयआरएलझेड४४एन घ्या, पायांची रचना तीच आहे. आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी नकोच. मोटर सुरू होताना तिचं व्होल्टेज कोसळतं, ५५५ रीसेट होतो आणि मोटर नुसती गचके देते.

किटातली खरी गंमत १०३ कपॅसिटरमध्ये आहे. त्याने फ्रिक्वेन्सी साधारण सव्वा ते दीड किलोहर्ट्झ येते, म्हणून मोटर कानाला टोचेल अशी शिट्टी वाजवते. ही जागा सोल्डर न करता तिथे सॉकेट बसवा. १०४ लावला की सव्वाशे-दीडशे हर्ट्झ: मोटर गुरगुरते, पण अगदी सावकाशही फिरते. ६८० पिकोफॅरड लावला की १८-२० किलोहर्ट्झ: आवाज जवळपास गायब, मात्र कमी वेगाला सुरू व्हायला ती कुरकुरते, नॉब थोडा पुढे नेऊन मागे आणावा लागतो. या शेवटच्या प्रकारात ५५५ आणि गेट यांच्या मधला १ किलोओमचा रेझिस्टर काढून १०० ओम घाला, नाहीतर मॉसफेट उघडझाप करण्यातच तापतो. आणि १० मायक्रोफॅरड (मायनस ग्राउंडकडे) लावून मोटरऐवजी १ किलोओमसह एलईडी जोडला तर सेकंदाला सव्वा-एक वेळा लुकलुकतो. नॉब फिरवला की चालू आणि बंद काळाचं प्रमाण बदलताना डोळ्यांनी दिसतं. परीक्षकाला पीडब्ल्यूएम समजावून सांगायला याहून सोपं काही नाही.

सोल्डर करताना आधी मॉसफेट लावूच नका. ५५५च्या ३ नंबरच्या (आउटपुटच्या) पायापासून ग्राउंडला १ किलोओमसह एलईडी लावून नॉबने मंद-प्रखर होतो का ते पाहा. होत नसेल तर बहुतेक वेळा एक १एन४१४८ उलटा असतो. कोणता ते लगेच ओळखता येतं: एलईडी सतत पेटलेला असेल तर टायमिंगचा (१०३च्या जागेचा) कपॅसिटर चार्जच होत नाही, सतत विझलेला असेल तर डिस्चार्ज होत नाही. दोन्ही डायोड उलटे लागले तर मात्र सर्किट चालतं, फक्त नॉबची दिशा फिरते. ४ नंबरचा पाय प्लसला आहे ना, हेही तपासा. मोटर जोडल्यावर तिच्या टोकांवर मल्टिमीटर डीसीला लावा. नॉब मध्यावर असताना १२ व्होल्टच्या सप्लायला साधारण ६ दिसले पाहिजेत.

दिशा बदलण्याची सोय किटात नाही. त्यासाठी सहा पायांचा डीपीडीटी (दोन्ही तारा एकदम अदलाबदल करणारा) स्विच बोर्ड आणि मोटर यांच्या मधे बसवा, आणि मोटरला समांतर असलेला डायोड बोर्डाच्या बाजूलाच राहू द्या. तो मोटरच्या टोकांवर लावलात तर स्विच उलटा केला की डायोड सप्लायला सरळ शॉर्ट करतो. स्विच फिरवण्याआधी नॉब शून्यावर आणून मोटर थांबू द्या.