तालुका क्रीडा संकुल: ५ पैकी अडीच स्टार, आणि तेही पोरांमुळे

आमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलाचा रिव्ह्यू लिहायचं कधीपासून मनात होतं. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, एक तर वॉचमन काका उगाच गोत्यात येतील आणि दुसरं म्हणजे थोड्याफार फरकानं तुमच्याही तालुक्यात असंच असणार, वाचून बघा.

गेटवर मोठ्ठी कमान, आत शिरलं की डावीकडे ग्रॅनाइटची कोनशिला, त्यावर मंत्र्यांपासून सभापतींपर्यंत सगळ्यांची नावं. पुढं २०० मीटरचा मातीचा ट्रॅक, मधे खो-खो आणि कबड्डीची मैदानं, व्हॉलीबॉलचे पोल (जाळी घरून आणायची), कोपऱ्यात ती पिवळी-निळी ओपन जिम, आणि मग संकुलाची शान म्हणजे बॅडमिंटन हॉल. वुडन कोर्ट, वर चांगले लाईट, एकदम चकाचक. हॉलला माझ्याकडून ५ पैकी ४. बाकीचं सांगतो.

ट्रॅकवर सकाळी गेलात तर खेळाडू फार दिसणार नाहीत, दिसतील भरतीची पोरं. पोलीस भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, ५० मार्कांची असते, मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. १६०० म्हणजे आमच्या ट्रॅकला बरोब्बर आठ राउंड, आणि ते ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत बसवायचे तर पूर्ण २० मार्क. पहाटे अंधारात येतात, पोलवरचे दिवे बंदच, म्हणून दोघं-तिघं बाईक ट्रॅककडे तोंड करून लावतात आणि हेडलाईटच्या उजेडात पळतात. ट्रॅकवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा स्वतः मारतात, पावसाळ्यात वळणावर डबकं साचलं की मुरूम स्वतः आणून टाकतात. कोच नाही. एक रिटायर्ड फौजी काका आहेत, स्टॉपवॉच गळ्यात, एक पैसा घेत नाहीत पण शिव्या मात्र भरपूर देतात, आणि या संकुलाला जे काही मार्क मिळतायत त्यातले निम्मे त्या काकांचे समजा.

पोरांचे आईबाप कोण? ऊसतोड, सेंट्रिंग, धुणीभांडी, दोन एकर कोरडवाहू. यांच्यासाठी मैदान म्हणजे हौस नाही, सरकारी नोकरीचा अर्ज आहे तो. हे आधी सांगायचं कारण पुढं येतंय.

आता हॉल. महिन्याचा पास आहे, नॉन-मार्किंग शूज कंपल्सरी, रॅकेट अर्थातच आपली. त्यामुळे आत कोण असतं ते सांगायला नको, डॉक्टर मंडळी, मेडिकलवाले, दोन-चार प्राध्यापक, एक बिल्डर. माणसं चांगली आहेत, मी पण जातो अधूनमधून. परवा गेम संपल्यावर पायरीवर बसलो होतो तर त्यातल्याच एकानं टॉवेलनं घाम पुसत विषय काढला, की ८० कोटी लोक फुकट रेशनवर आहेत आणि सरकार खेळांवर कशाला पैसा उधळतंय, मेडल काय खायचंय का? अरे भावा, तू आत्ता ज्या फळ्यांवर स्मॅश मारून आलास त्या काय तुझ्या खिशातून आल्यात का?

पण प्रश्न खोटा नाही, म्हणून हिशोब करून बघितला. २०२५-२६ चं केंद्राचं बजेट ५० लाख ६५ हजार कोटींचं, त्यात क्रीडा आणि युवक मंत्रालयाला ३,७९४ कोटी. म्हणजे शंभर रुपयांतले साडेसात पैसे. हे साडेसात पैसे उद्या बंद केले तर कुणाच्या ताटात किती पडणार? गरिबी हटत नाहीये ती खेळांमुळे नाही. मला खटकतं ते वेगळंच, हे पैसे खाली येईपर्यंत कोनशिलेत, कमानीत आणि हॉलमध्ये जिरतात आणि ट्रॅकवरच्या पोराच्या वाट्याला डबकं येतं. गरिबाच्या नावानं खेळाला नाही म्हणायचं आणि गरिबाचं मैदान आपण वापरायचं, हा डबल गेम झाला.

काही लोक म्हणतात की जिद्द असली की सरकार लागत नाही, आणि लगेच पैलवान खाशाबा जाधवांचं नाव घेतात. बरं, मग पूर्ण गोष्ट सांगा ना. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले, तेव्हा गोळेश्वरचा हा गडी ब्राँझ घेऊन आला. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. आणि दुसरं कधी आलं? १९९६ ला, टेनिसमध्ये लिएंडर पेसचं. मधे ४४ वर्षं गेली, कारण दर वेळी घर गहाण टाकणारा प्रिन्सिपल कुठून आणायचा? उलट स्वप्नील कुसळे बघा, राधानगरीतलं कांबळवाडी, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत लहानपणी गेला, पुढं रेल्वेत नोकरी, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ. रायफल, गोळ्या, जॅकेट, हे कुठल्या शिक्षकाच्या पगारात बसतं सांगा. इथं सरकारी पैसा योग्य जागी लागला, तर लागला म्हणायला काय हरकत आहे.

आणि जिथं नको तिथं कसा लागतो ते २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थ स्पर्धेला बघितलंच की. भाड्याच्या ट्रेडमिलच्या किमती पेपरात वाचून लोक चाट पडले होते, मेन स्टेडियमजवळचा पादचारी पूल स्पर्धेच्या तोंडावर कोसळला, आयोजन समितीचे अध्यक्ष, आपल्या पुण्याचे सुरेश कलमाडी २०११ ला अटक झाले (मनी लाँडरिंगच्या केसमध्ये ईडीनं क्लोजर रिपोर्ट दिला तो कोर्टानं २०२५ ला स्वीकारला, हेही सांगायला पाहिजे). पण त्याच स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या आदिवासी कविता राऊतनं १०,००० मीटरमध्ये ब्राँझ मारलं. तिच्यासारख्या पोरी ज्या रस्त्यावर पळतात त्यावर त्या ट्रेडमिलच्या भाड्यातलं चार आणे तरी खर्च झालं असतं तर! आता २०३० ला पुन्हा कॉमनवेल्थ येतंय अहमदाबादला, वर २०३६ च्या ऑलिंपिकची स्वप्नं. करा बाबा, पण आधी आमच्या टॉयलेटचं कुलूप काढा.

हो, टॉयलेट. बांधलेलं आहे, टाइल्स पण आहेत, कुलूप लावलेलं आहे. चावी "ऑफिसमध्ये", ऑफिस उघडतं साडेदहाला, पोरी येतात साडेपाचला. त्यामुळे मुली पाणी न पिता सराव करतात आणि सातच्या आत घरी पळतात, आणि मग वर्षातून एकदा "मुलींचा सहभाग वाढवा" असं फ्लेक्स लागतं. याला शून्य मार्क, मायनस देता आले असते तर मायनस.

अजून एक. निवडणूक आली की मतमोजणी इथंच, पेट्या हॉलमध्ये, गेट बंद, बंदोबस्त. ते समजू शकतो. पण मंत्री आले की हेलिकॉप्टर पण ट्रॅकवरच, मग आठवडाभर मैदान खोदलेलं. तेवढे दिवस पोरं हायवेच्या कडेनं पळतात, शेजारून उसाच्या ट्रॉल्या जातायत. डॉक्टर मंडळींचं काय, आठ-दहा दिवस खेळ बंद, वजन अर्धा किलो वाढेल.

२०२२ ला राज्यानं तालुका संकुलाच्या अनुदानाची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी केली. चांगली गोष्ट आहे, पण आमच्याकडे पहिली चर्चा काय झाली, तर हॉलला अजून दोन कोर्ट वाढवायची. मी समितीला अर्ज दिलाय: ट्रॅकला नीट ड्रेनेज, चार दिवे, टॉयलेटची चावी वॉचमन काकांकडे, आणि त्या फौजी काकांना किंवा दुसऱ्या कुणाला तरी मानधनावर मार्गदर्शक नेमा. पोचपावती मिळाली आहे.

जायचं असेल तर गेट पहाटे पाचला उघडतं, पार्किंग फ्री, पाणी घरून न्या. ट्रॅकवर चालायला जाणाऱ्या काका-काकूंना एकच विनंती, आतली लेन सोडून बाहेरून चाला, पोरांचं टायमिंग बिघडतं.