मेटल डिटेक्टरसाठी घरी केलेली हत्यारं: आठ महिन्यांचा हिशोब

सेलूला आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. फेब्रुवारीत लाकडाच्या वखारीवाले मामा करवतीचं तुटलेलं पातं घेऊन आले. "भाऊ, महिन्यात हे दुसरं. खोडात लोखंड आहे का नाही, ते आधी सांगणारं काहीतरी करून दे." आपल्याकडं चिंचेला खिळे ठोकायची जुनी खोड. कुणाला काही झपाटलं की ठोक खिळा. झाड वाढतं, खिळा आत गडप होतो आणि वीस वर्षांनी पात्याच्या दातात येतो.

म्हणून पल्स इंडक्शनचं, म्हणजे कॉइलमध्ये करंटचे ठोके सोडून धातू ओळखणाऱ्या डिटेक्टरचं, किट मागवलं. त्यातल्या बोर्डाबद्दल तक्रार नाही. पण त्यात कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, नव्हती, ती आपणच गुंडाळायची, आणि त्यासाठी लागणारी हत्यारं बाजारात मागायला गेलो तर दुकानदार तोंडाकडं बघतो. तेव्हा घरीच केली. आठ महिने वापरून कोणती टिकली, कोणती भंगारात गेली ते लिहितो.

सगळ्यात उपयोगी ठरला गुंडाळायचा फळा. प्लायवर 26 सेंमी व्यासाचं वर्तुळ काढलं, त्यावर 16 खिळे ठोकले आणि प्रत्येक खिळ्यावर सलाइनच्या नळीचा तुकडा चढवला. 25 गेजच्या तारेचे 25 वेढे, म्हणजे साधारण 20 मीटर तार. पहिली कॉइल फळ्यावरून निघेना. पकडीनं ओढली तर तारेवरचा इनॅमलचा लेप खरवडला आणि दोन वेढे आपसात शॉर्ट. आता चार खिळे सैल ठेवलेत. ते उपटले की कॉइल अलगद सुटते. मग मोटरला बांधतो तीच सुती फीत. आजवर या फळ्यावर पाच कॉइली झाल्या.

शिल्डिंगला, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवायच्या आवरणाला, मात्र माझी लाज निघाली. फितीवरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल गोल फिरवून टोकाला टोक जोडलं. मशीन मुकं. पाच रुपयांचं नाणं कॉइलला टेकवलं तरी हूं की चूं नाही. अहो, फॉइलचं बंद कडं म्हणजे शॉर्ट झालेला एक वेढाच! तो धंदा रोज बघणारा माणूस मी, तरी चुकलो. बोटभर फट सोडली, मशीन बोलायला लागलं.

दुसरं हत्यार म्हणजे चुन्याच्या प्लास्टिकच्या डबीत बसवलेला प्रीसेट, म्हणजे फिरवून ओहम कमी-जास्त करायचा रेझिस्टर. कॉइलमधला करंट तोडला की उलटा व्होल्टेज उसळतो, तो लवकर शांत करायला कॉइलला समांतर रेझिस्टर लागतो. त्याचे ओहम फार जास्त असले तर कॉइल घुमत राहते, फार कमी असले तर शांत व्हायला वेळ लागतो, आणि दोन्हीकडून पल्ला घटतो. हे पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप आमच्याकडं कुठला? 220 ओहमच्या मागं 1 किलोओहमचा प्रीसेट लावला, नाणं जास्तीत जास्त लांबून वाजेपर्यंत फिरवला, मग मीटरवर मोजून तेवढ्याच ओहमचा पक्का रेझिस्टर सोल्डर केला. तार गुंडाळून केलेला वायरवाउंड घेऊ नका, तो स्वतःच एक कॉइल असतो. आणि चालू मशीनच्या कॉइलच्या टोकांना हात लावू नका. मी लावलाय. नाणं आता वीतभर अंतरावरून वाजतं.

ही तपासणी आधी दुकानातल्या लोखंडी टेबलावर करायचो. आकडा रोज वेगळा. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला ग्रॅहम बेल असंच यंत्र घेऊन गेला होता, आणि पलंगातल्या पोलादी स्प्रिंगांनी त्याला चकवलं असं सांगतात. ते आठवलं आणि आजीची सुतळीची बाज माळवदावरून खाली उतरवली. सागाचे पाय, खाचेत बसवलेले गाते, धातूचा कणही नाही. कॉइल बाजेवर आडवी आणि शेजारी दर 5 सेंमीला खूण केलेली लाकडी पट्टी. इतकं चांगलं टेस्ट बेंच विकत मिळणार नाही. फक्त हातातलं कडं आणि खिशातला मोबाइल लांब ठेवायचा.

फसलेलं हत्यार म्हणजे ग्लू गन. कॉइल डब्यात त्याच गोंदानं चिकटवली होती. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये गोंद मऊ पडला, कॉइल आत हलायला लागली आणि दांडा आपटला की मशीन बोंबलायचं. सगळं उकरून इपॉक्सी ओतली.

टूथब्रशचा दांडा घासून केलेला स्क्रूड्रायव्हर ठीकठाक. कार्यालयाच्या दारावर वापरतात त्या हातातल्या डिटेक्टरच्या दुरुस्तीला तो लागतो. मी उघडलेल्या दोन्हींत प्रीसेट कॉइलला चिकटून होता, त्यामुळं लोखंडी टोकानं जुळवलं की हत्यार काढताच बिघडायचं. टोक झिजतं, तिसरा ब्रश चालू आहे.

बॅटरी फवारणी पंपाची, 12 व्होल्टची. जड आहे, पण खांद्यावरच्या पिशवीत चालते. शेतात मात्र एक वेगळाच ताप. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेलं, थांबून थांबून विजेचा झटका सोडणारं झटका मशीन जवळ असलं की डिटेक्टर त्याच्याच तालावर टिक-टिक करतो. आधी ते बंद करायला सांगावं लागतं.

बातमी फुटली तसे गुप्तधनवालेही आले. "पांढरीत एक रात्र फिरवू, निम्मं निम्मं." पांढरी म्हणजे जुन्या ओसाड गावठाणाची जागा. त्यांना मी 1878 चा गुप्तधनाचा कायदा सांगतो. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं. मशीन रात्री देत नाही, आणि पांढरीसाठी तर दिवसाही नाही.

गेल्या आठवड्यात वखारीत चिंचेचं मोठं खोड आलं. तीन जागी वाजलं. दोन जागी छिन्नीनं खोदून गंजके खिळे काढले. तिसऱ्या जागी वीतभर खोल गेलो, लाकूड कोरं. पुन्हा फिरवलं, पुन्हा वाजलं. मग खाली नजर गेली. मामा खोडावर पाय टेकवून उभे होते, आणि वहाणेच्या टाचेला नाल. आता डिटेक्टर बाहेर काढला की मामा आपणहून चार हात लांब जाऊन उभे राहतात.