ओआर : दोन सेमिस्टरनंतर

एम.एस्सी.ला ऑपरेशन्स रिसर्च (ओआर), म्हणजे हाताशी असलेल्या साधनांत सर्वांत चांगला निर्णय गणितानं शोधायचा विषय, घेऊन आठ महिने झाले. हा विषय घेऊ का, असं आज कोणी विचारलं तर मी ‘घे’ म्हणेन. दिवाळीआधी विचारलं असतं, तर म्हणाले नसते.

पहिलं सेमिस्टर म्हणजे नुसती टेबलं. सिम्प्लेक्स म्हणजे अटी पाळून जास्तीत जास्त नफा किंवा कमीत कमी खर्च पायरीपायरीनं शोधायची पद्धत. तिचं टेबल वहीत आखायचं, पिव्होट (त्या पायरीचा मुख्य आकडा) निवडायचा, ओळी वजा करायच्या. एक अपूर्णांक चुकला की पुढचं सगळं बाद. आमच्याकडे पेपरात मार्कही त्यालाच. जॉर्ज डान्झिग या अमेरिकन गणितज्ञानं १९४७ साली ही पद्धत काढली, तेव्हा सर्वांत स्वस्त आहाराच्या गणितावर ती पारखून पाहिली होती. ७७ पदार्थ, ९ अटी. हातानं चालवायच्या यंत्रांवर त्याला साधारण १२० मनुष्यदिवस लागले. आज पायथन ते क्षणात सोडवतं, तरी लॅब आम्हाला शेवटचे दोन आठवडेच मिळाली. याचा मला मनापासून राग आहे, कारण आकडेमोडीत खरा विषय हातातून निसटतो.

तो मला दिवाळीत मामाच्या बेकरीत सापडला. खारीला लाटण्या-घड्या घालण्यात हात जास्त लागतात, टोस्ट दोनदा भाजायचा म्हणून भट्टी जास्त. खारीचा ट्रे : भट्टी २० मिनिटं, मजुरी ३० मिनिटं, नफा ९० रुपये. टोस्टचा : ३०, १५ आणि ७५. दोन्ही मिळून रोज भट्टीची ६०० मिनिटं, मजुरीची ६००. उत्तर आलं खारी १५ ट्रे, टोस्ट १०, नफा २१०० रुपये.

मामा दुसऱ्या भट्टीच्या विचारात होता. पण ड्युअल, म्हणजे प्रत्येक साधनाची किंमत सांगणारी त्याच गणिताची दुसरी बाजू, सोडवल्यावर दिसलं, की भट्टीचा जादा तास ९० रुपयांचा आहे, मजुरीचा १२० चा. शॅडो प्राइस, म्हणजे साधन थोडं वाढवलं तर नफा किती वाढेल, हा शब्द मला त्या दिवशी कळला. ८० रुपये तासानं कामाला बाई मिळत होती. मी लगेच म्हटलं, तीन तास ठेव. खारी २४, टोस्ट ४.

मामा म्हणाला, “अगं, टोस्ट नेणारे पावही माझ्याकडूनच नेतात. टोस्ट संपला तर ते पावालाही यायचे नाहीत.”

ही अट माझ्या मांडणीत नव्हतीच. टोस्ट किमान ८ ट्रे, एवढी एक ओळ वाढवली आणि उत्तर बदललं : खारी १८, नफा २२२०, जादा मजुरी एकच तास. त्यापुढच्या तासाची किंमत शून्य. वाढलेल्या १२० रुपयांतून बाईचे ८० वजा जाता ४० रुपये सुटतात. मामानं तेवढंच केलं. अट कुठली घालायची हे ओळखणं, इथेच या विषयाचा जीव आहे, आणि पेपरात अटी आयत्या दिलेल्या असतात.

दुसऱ्या सेमिस्टरचा क्यूइंग थिअरीचा, म्हणजे रांगांच्या गणिताचा, भाग सुरेख आहे, पण प्रोबॅबिलिटी कच्ची असेल तर फार जड जातो. मी एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवरची आयआयटी मद्रासच्या जी. श्रीनिवासन सरांची लेक्चर्स ऐकून तग धरला. प्रवेश घेण्याआधी सिलॅबसमध्ये लॅबचे तास आणि प्रोजेक्टचे मार्क किती, ते जरूर बघा.