500 मायक्रॉन सांगून 300 चा कागद: शेततळ्यात झालेली आमची फसवणूक

पाऊस आता पडतो तेव्हा कोसळतो आणि मग ऐन गरजेच्या वेळी दडी मारतो. या खंडात पिकाला एक-दोन पाणी देता आलं तर पीक हाती लागतं, नाहीतर केलेला सगळा खर्च मातीत जातो. म्हणून रानं एकमेकांना लागून असलेल्या आम्ही तिघांनी मिळून सामाईक शेततळं घ्यायचं ठरवलं. ते ज्या ठेकेदाराला दिलं त्याने आम्हाला कसं लुबाडलं, ते सगळं उघड लिहितोय. कारण असं काम आज अनेक ठिकाणी निघतंय आणि फसवणाऱ्यांच्या युक्त्या सगळीकडे सारख्याच आहेत.

पहिली फसवणूक हिशेबाची. 30 बाय 30 मीटर आणि 3 मीटर खोल, म्हणजे 27 लाख लिटर, असं त्याने कागदावर मांडून दाखवलं. गुणाकार बरोबर आहे, पण तो उभ्या भिंतींच्या हौदाचा. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात. खोलीच्या दीडपट उतार धरला, म्हणजे 3 मीटर खोलीला प्रत्येक बाजू साडेचार मीटर आत आली, तर तळ फक्त 21 बाय 21 मीटर उरतो आणि काठोकाठ भरलं तरी 20 लाख लिटरच्या आतच मावतं. त्यात काठ फुटू नये म्हणून वरचा अर्धा मीटर मोकळा ठेवावाच लागतो. मग खरा साठा साधारण 15 लाख 40 हजार लिटर. एक हेक्टरला 5 सेंटीमीटरचं एक पाणी द्यायला 5 लाख लिटर लागतात. म्हणजे त्याने बोलण्या-बोलण्यात आमचं सव्वादोन हेक्टरांचं एक पाणी गायब केलं.

मातीचं बिल त्याने ट्रॉलीच्या खेपांवर लावलं. उपसलेली माती फुगते, घट्ट जमिनीतली 100 घनमीटर माती ट्रॉलीत 120 ते 130 घनमीटर होते. खड्ड्याचं माप घेऊनच पैसे द्यायचे असतात. हे आम्ही धरून बसलो तेव्हा त्याने थोडं बिल कमी केलं. तेवढ्याने आमचा त्याच्यावर उलट विश्वास बसला, आणि मला वाटतं त्यालाही तेच हवं होतं.

खरा दरोडा पडला तो कागदात, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून तळ्यात अंथरतात त्या प्लास्टिकच्या अस्तरात. त्याच्या पिशवीत एक काळा, जाडजूड तुकडा होता. ‘भाऊ, नखाने ओरबाडून बघा, 500 मायक्रॉन आहे,’ असं म्हणत त्याने तो तिघांच्या हातात दिला. रोल आले त्यांवरही 500 छापलेलं होतं. 500 मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. 300 आणि 500 चा काळा कागद तळ्यात अंथरल्यावर नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अशक्यच. पावतीवर त्याने फक्त ‘शेततळे अस्तर’ एवढंच लिहिलं. जाडी लिहायला सांगितली तर म्हणाला, ‘रोलवर छापलंय की.’ कागद अंथरून होताच माणसांची मजुरी द्यायची आहे म्हणून उरलेले सगळे पैसे मागून घेतले.

तळं भरलं आणि मग उतरायला लागलं. फोन केला तर म्हणाला, ऊन आहे, वाफ होते. वाफ किती होते ते आम्ही बघितलं. एक बादली पाण्याने भरून काठीला बांधली आणि तळ्यातच अशी सोडली की आतली आणि बाहेरची पातळी सारखी राहील. उपसा बंद ठेवला, पाऊसही नव्हता. ऊन-वारा दोन्हीकडे तोच, त्यामुळे बादलीत जेवढं उतरेल तेवढी वाफ. तळ्याची पातळी बादलीच्या कितीतरी पट खाली गेली. ते जास्तीचं पाणी झिरपत होतं.

दाणे भरायच्या वेळी पाऊस ओढला आणि तळ्यात तळाला जेमतेम पाणी होतं. ते दिवस आठवले की अजून संताप येतो.

तळं रिकामं झाल्यावर आत उतरून बघितलं. काठावरच्या चरात गाडलेल्या जादा कागदातून बरोबर 1 चौरस मीटरचा तुकडा कापून काट्यावर ठेवला. 500 मायक्रॉनचा एकजीव एचडीपीई (दणकट प्लास्टिकचा एक प्रकार) कागद चौरस मीटरला सुमारे 470 ग्रॅम भरतो. आमचा 300 ग्रॅमही भरला नाही. कागदाचे जोड दोन समांतर पट्ट्यांनी चिकटवलेले नव्हते, एकाच ओढीत चिकटवलेले होते आणि दोन ठिकाणी बोट आत जात होतं. कागदाखाली टोकदार दगड तसेच सोडले होते, पाण्याच्या वजनाने ते खालून वर टोचले होते. फोन आता लागतच नाही. तक्रार दिली आहे, पण पावतीवर जाडीच नाही, त्यामुळे सिद्ध करणं अवघड जातंय.

तुम्ही काम देणार असाल तर पिशवीतल्या नमुन्यावर जाऊ नका. रानात आलेल्या प्रत्येक रोलचा 1 चौरस मीटर तुकडा स्वतः कापा, तोला आणि त्यावर ठेकेदाराची सही घेऊन जपून ठेवा. करारात साठा लिटरमध्ये, बाजूंचा उतार, कागदाची जाडी आणि वजन लिहून घ्या. कागद पडण्याआधी तळात अनवाणी फिरून बघा, पायाला टोचेल ते कागदालाही टोचेल. जोड दुहेरी पट्टीचाच मागा. दोन पट्ट्यांमधल्या पोकळीत हवा भरून दाबमापक लावतात, काटा खाली आला तर जोड गळका. ही चाचणी तुमच्यासमोर करायला जो नको म्हणेल त्याला तिथूनच परत पाठवा. आणि शेवटचा मोठा हप्ता तळं भरून, बादली सोडून, पातळी बघितल्यावरच द्या. मजुरांचे पैसे द्यायचे असतील तर थेट मजुरांच्या हातात द्या.