कुठला गेम थांबतो? दिव्यांग खेळाडूंसाठी ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमची तुलना

ऑनलाइन गेमला पॉज नसतो. सुलभतेच्या सेटिंगची यादी कितीही लांबलचक असली, तरी समोरचा राक्षस तुमच्या बोटांसाठी थांबत नाही. म्हणून गेम निवडताना ती यादी मी नंतर बघतो. आधी बघतो ते घड्याळ: एक चाल केल्यावर दुसरी चाल करायला गेम किती वेळ देतो, आणि त्या वेळात किती बटणं मागतो.

हातांची हालचाल मर्यादित असेल तर सगळा निर्णय यावरच ठरतो. फायनल फँटसी चौदामध्ये दोन मुख्य चालींमधलं अंतर साधारण २.५ सेकंद, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये बहुतेकदा १.५ सेकंद किंवा कमी, एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये जेमतेम १ सेकंद. आकडे पाहून फायनल फँटसी जिंकला असं वाटेल. पण वरच्या लेव्हलला तिथे पंचवीस-तीस बटणं सांभाळावी लागतात आणि त्या अडीच सेकंदांच्या फटीत आणखी एक-दोन चाली घुसवाव्या लागतात. एल्डर स्क्रोल्समध्ये घाई जास्त, पण एका पट्टीवर पाच कौशल्यं आणि एक महाअस्त्र, बस्स. अशा दोन पट्ट्या असतात. २०२२ मध्ये आलेली ओकनसोल अंगठी घातली की दुसरी पट्टी बंद होते आणि त्या बदल्यात ताकद वाढते. ही अंगठी खास दिव्यांगांसाठी केलेली नाही, तरी कित्येक सुलभता-सेटिंगांपेक्षा तिचा उपयोग जास्त.

वॉरक्राफ्टनं २०२५ मध्ये वेगळी वाट धरली: एकच बटण दाबत राहा, पुढची योग्य चाल गेम निवडतो. दंड म्हणून प्रत्येक चाल किंचित उशिरा होते. 'हे खेळणंच नव्हे' म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

ओल्ड स्कूल रुनस्केप या तिघांच्या रांगेत बसतच नाही. त्याचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यानं चालतं, पण लाकूडतोड, मासेमारी यांसारख्या कामांना एक क्लिक केली की बराच वेळ हात मोकळा. सगळा गेम नुसत्या माऊसनं खेळता येतो, आणि २०१८ पासून तेच खातं फोनवरही चालतं. एका हातानं खेळणाऱ्याला मी आधी हाच सुचवेन. दोन इशारे मात्र लक्षात ठेवा. मोठ्या बॉसशी लढताना जवळपास प्रत्येक ठोक्याला क्लिक लागते. आणि आपोआप क्लिक करणारं सॉफ्टवेअर नियमात बसत नाही. मनगट दुखतं म्हणून वापरलं तरी खातं बंद होऊ शकतं.

अडॅप्टिव्ह कंट्रोलर (दिव्यांगांसाठी बनवलेला, बटणं-स्विच आपल्या सोयीनं जोडता येणारा कंट्रोलर) आधीच घेतलेला असेल तर फायनल फँटसी पुढे जातो. तो कंट्रोलरवर खेळण्याचा विचार करूनच बांधलेला आहे आणि प्लेस्टेशन, एक्सबॉक्स दोन्हींवर मिळतो. वॉरक्राफ्टमध्ये कंट्रोलर नीट चालवायला ॲडऑन लागतो. ॲडऑन म्हणजे कुणीतरी हौशीनं लिहिलेला तुकडा: गेम अपडेट झाला की कधीही मोडू शकतो.

अंध खेळाडूंसाठी मात्र वरचा सगळा क्रम उलटा होतो. तिथे पहिला नंबर कुठल्याच चकचकीत गेमचा नाही, तर मडचा, म्हणजे नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या गेमचा. पहिला मड १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात लिहिला गेला. तेव्हा अंधांचा विचार कुणी केला असेल असं नाही, पण मजकूर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वाचतो आणि आज्ञा टाइप करायच्या असतात, त्यामुळे अंधांसाठी दार आपोआप उघडलं. अल्टर इऑन नावाच्या मडमध्ये अंध खेळाडू मोठ्या संख्येनं खेळतात आणि त्याला साउंडपॅकही, म्हणजे घटनांना आवाज जोडणारे संचही, आहेत. अडचण येते ती गर्दीच्या लढाईत: ओळी इतक्या भराभर येतात की स्क्रीन रीडर मागे पडतो. अक्षरं मांडून काढलेले नकाशेही कानाला निव्वळ कचरा वाटतात. म्हणून अनावश्यक ओळी गाळता येतात का, हे आधी विचारा.

एल्डर स्क्रोल्स मेन्यू आणि चॅट वाचून दाखवतो. वॉरक्राफ्ट क्लासिकसाठी, म्हणजे वॉरक्राफ्टच्या जुन्या रूपासाठी, स्कू नावाचा ॲडऑन आवाजाच्या खुणांनी वाट दाखवतो. फायनल फँटसीत बाहेरची साधनं नियमानंच वर्ज्य, त्यामुळे पूर्ण अंध व्यक्तीला मी तो सुचवणार नाही. चॅट बोलतं आणि लढाई मुकी, असं बऱ्याच ठिकाणी का दिसतं? एक कारण अमेरिकेतला कायदा. तो गेममधल्या संवादाच्या सोयींना लागू आहे, आणि व्हिडिओ गेमना त्यातून दिलेली सूट २०१८ च्या अखेरीस संपली. कंपन्यांनी संवाद सुलभ केला. खेळ तसाच राहिला.

कर्णबधिरांचं उत्तर सोपं आहे: फायनल फँटसी. त्यात आवाजी चॅटच नाही, सगळा व्यवहार लिहून चालतो, आणि आवाज पडद्यावर दाखवण्याची सेटिंगही आहे. रंग ओळखण्याचा त्रास असेल तर त्यात आणि वॉरक्राफ्टमध्ये दोन्हीकडे फिल्टर आहेत. तो मुद्दा निर्णायक ठरू नये.

लवकर थकणाऱ्यांनी किंवा ज्यांना लक्ष टिकवणं जड जातं त्यांनी एवढंच पाहावं: कुणाला ताटकळत न ठेवता मध्येच उठता येतं का? फायनल फँटसीच्या मुख्य कथेतल्या गुहा गेमनंच चालवलेल्या साथीदारांसोबत पार करता येतात. वॉरक्राफ्टमध्येही २०२४ पासून तशी सोय आली आहे, पण निवडक गुहांपुरती.

पैसे भरण्याआधी फुकट खेळून बघाच, पण किती खोलवर बघता येतं याकडे लक्ष द्या. वॉरक्राफ्ट २० व्या लेव्हलपर्यंतच फुकट आहे आणि तोवर बटणांचा खरा भार येतच नाही. फायनल फँटसी ७० व्या लेव्हलपर्यंत मुदतीशिवाय फुकट आहे. तिथपर्यंत पोहोचेस्तोवर हात किती साथ देतात ते पुरतं कळलेलं असतं.